अदबीचं चूलबंद आवतण

प्राध्यापकांचा घसा बसला तो फ्लेक्स लागल्यानंतर. आदल्या दिवशी बसता, तर उमेर मुकादमच्या आयुष्यात पुढचं काहीच घडलं नसतं. पण फ्लेक्स टांगून झाला होता आणि त्यावर हिरव्या अक्षरांत विषय छापलेला होता, ‘अदब : एका शब्दाची जन्मकथा’. खाली प्राध्यापकांचा फोटो आणि त्याच्या शेजारी वाचनालयाचे अध्यक्ष धोंडूशेठ पिलणकर यांचा त्याहून मोठा फोटो. रत्नागिरीत वक्ता बदलता येतो, फ्लेक्स बदलता येत नाही.

कार्यक्रम रद्द करण्याचा प्रश्नच नव्हता. जानेवारीत मराठी भाषेचा पंधरवडा असतो, आणि त्यात प्रत्येक वाचनालयाने एक कार्यक्रम करून पाच छायाचित्रांसह अहवाल जिल्ह्याच्या कार्यालयाला धाडायचा असतो. पाच म्हणजे पाच. गेल्या वर्षी चारच पाठवली तेव्हा स्मरणपत्र आलं होतं, आणि पाचवं म्हणून रिकाम्या खुर्च्यांचा फोटो पाठवून खाली ‘श्रोते चहापानास गेले असताना’ असं लिहावं लागलं होतं.

तेव्हा धोंडूशेठनी वक्ता शोधण्यासाठी सभागृहभर नजर फिरवली. सभागृहात एकच माणूस होता. तो स्टुलावर उभा राहून फ्लेक्सची चौथी दोरी बांधत होता.

हा उमेर. समुद्रकाठ सार्वजनिक वाचनालयाचा हंगामी ग्रंथपाल. रत्नागिरीत हंगाम दोन, एक आंब्याचा आणि एक मासळीचा, आणि दोन्ही कधी ना कधी संपतात. उमेरचा हंगाम सहा वर्षं चालू होता. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाची वार्षिक सभा होती आणि तिच्यात विषय क्रमांक सात होता, ‘श्री. उमेर मुकादम यांना सेवेत कायम करणे’. मतदान हजर सभासदांचं, हात वर करून. यंदा कायम झाला नाही तर पुढे वयाची अट आडवी येणार होती. त्यामुळे त्या जानेवारीत मत असलेल्या कुणालाही उमेरला नाही म्हणता येत नव्हतं. तसं ते त्याला आधीही येत नव्हतं, पण आधी त्याला कारण नव्हतं.

उमेर दुपारभर दोन कोश घेऊन बसला आणि संध्याकाळी दहा मिनिटं बोलला. बरं बोलला. सभ्य म्हणजे सभेत बसण्याजोगा, शिष्ट म्हणजे शिकवलेला, नम्र म्हणजे वाकलेला. थोडक्यात आपल्याकडे चांगुलपणा बैठकीतून, शाळेतून आणि कमरेतून येतो, असं त्याने सांगितलं. मग अदबीवर आला. हा शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. काही जाणकार त्याचं नातं अरबीतल्या मेजवानीच्या शब्दाशी लावतात. लोकांना जेवायला बोलावणारा, तो मूळचा अदबीचा माणूस. नंतर जेवायला बोलावलेल्यांनी कसं वागावं त्याला अदब म्हणू लागले, मग एकूणच चांगल्या वागण्याला, आणि पुढे अरबीत तर साहित्यालासुद्धा हाच शब्द झाला. इथे त्याने थांबायला हवं होतं. पण टाळ्या मिळाव्यात म्हणून त्याने शेवटी एक वाक्य जोडलं की, म्हणजे वाचनालय हेही एका अर्थी जेवायला बोलावणारं घरच आहे.

श्रोते तेवीस होते. त्यातले दोघे पेपर वाचायला आलेले आणि एक बाई एसटीला वेळ होता म्हणून बसलेली. सदू गोताड तेवढा उभा राहिला. सदूकाका एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर बिघाड शोधण्याचा पगार घेतला होता आणि आता तेच काम ते वाचनालयात येऊन फुकट करत. त्यांनी कोश कुठला आणि पान कितवं एवढंच विचारलं, ते हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं आणि खाली बसले.

मग धोंडूशेठ आभाराला उठले. धोंडूशेठचं जाळी आणि दोरखंडाचं दुकान आहे आणि आभार मानण्याचा त्यांना नाद आहे. एकदा त्यांनी माइकचेही आभार मानले होते, माइक बंद असताना.

“उमेरभाईंनी सांगितलं, अदब म्हणजे जेवणाचं बोलावणं,” धोंडूशेठ म्हणाले. “एवढं सांगून ते आपल्याला न बोलावता सोडतील, इतके काही ते बेअदब नाहीत. येत्या रविवारी दुपारी आपण सगळे त्यांच्याकडे.”

हा विनोद होता. तो विनोद आहे हे तेवीसही जणांना कळलं होतं. पण बाकीच्या बावीस जणांना ते कळलंय की नाही याची एकालाही खात्री नव्हती. आपण हसण्यावारी नेलं, तर उमेर काय जेवू घालणार, असं आपण म्हटल्यासारखं दिसेल, म्हणून एकेकाने अदबीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर उमेरला हसावं लागलं. तो हसला त्याच क्षणी चिटणीस मनस्वी सुर्वेने फोटो काढला. पाचवा फोटो.

मनस्वी ही वाचनालयाच्या इतिहासातली पहिली अशी चिटणीस की जी कामं त्याच दिवशी करते. तिच्याआधीच्या चिटणिसांमुळे वाचनालयाचं कधीच काही बिघडलं नव्हतं. तिने रात्रीच्या आत अहवाल पाठवला आणि पाचव्या फोटोखाली लिहिलं, ‘वक्त्यांनी उपस्थितांना स्नेहभोजनाचे निमंत्रण दिले’. ज्या कार्यालयाने वाचनालयाचं एक कपाट मंजूर करायला चौदा महिने घेतले होते, त्या कार्यालयाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. ‘उपरोक्त स्नेहभोजनाचा अनुपालन अहवाल छायाचित्रासह सादर करावा.’ आता ते जेवण सरकारदप्तरी लागलं होतं. आणि विषय क्रमांक सात उद्या मंजूर झाला तर त्याचा कागदही त्याच टेबलावर जाणार होता.

सदूकाकांनी ते पत्र उमेरच्या हातातून घेऊन वाचलं.

“मुकादम, तुझ्या पुढच्या खोलीत माणसं किती बसतात?”

उमेरने आठ सांगितली. मुलं असतील तर नऊ.

“मग तेवीस बसवणार कुठं? सरळ नाही म्हणून सांग ना मेल्या. मी तर येणार नाय. मला बाहेरचं बाधतं, आणि पिलणकरचं भाषण त्याहून बाधतं.”

उमेरला लागलं. त्याच्या घरचं आमंत्रण आजवर कुणी नाकारलं नव्हतं. आजवर कुणाला दिलं नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण तोवर त्याची पाटी कोरी होती आणि सदूकाकांनी तिच्यावर पहिली रेघ मारली.

घरी आईला सांगितलं तेव्हा फातिमाबींचा आक्षेप तेवीस माणसांना नव्हताच. त्यांचा आक्षेप आवतण माइकवरून दिलं याला होता. आपण काय निवडणुकीला उभे आहोत का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मुकादमांच्या घरचं आवतण उंबऱ्यावर जाऊन दिलं जातं. उमेरच्या आजोबांनी मुलीच्या निकाहाचं आवतण द्यायला होडीने जयगडपर्यंत फेरी मारली होती आणि परतताना त्यांना होडी लागली होती, पण एक घर सोडलं नव्हतं. उमेरने स्कूटर काढली.

पहिलं घर सखूबाई रेवाळेंचं. ही तीच एसटीला वेळ असलेली बाई. सखूबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला, बसायला पाट दिला, आणि मग सगळं नीट पार पडल्यावर विचारलं, “घरटी एक की चूलबंद, बाबा?”

इथे बाहेरगावच्या वाचकासाठी थांबायला हवं. कोकणात जेवणाचं आवतण मोघम नसतं. घरटी एक म्हणजे त्या घरातून एका माणसाने यायचं. चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हातारं, तान्हं, पाव्हणा, भांडून माहेरी आलेली लेक, सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. आवतण देणाऱ्याने हे घरून ठरवून निघायचं असतं. उमेर घरून एवढंच ठरवून निघाला होता, की कुणाला नाही म्हणायचं नाही. सखूबाईंच्या मागे चार नातवंडं रांगेत उभी राहून त्याच्याकडे बघत होती. चार पोरांच्या तोंडावर ‘घरटी एक’ म्हणायला जी छाती लागते ती हंगामी माणसाकडे नसते.

“असं काय विचारता, मावशी. चूलबंद.”

सखूबाईंना गहिवरून आलं. उमेरलाही बरं वाटलं. मग तो दुसऱ्या घरी गेला तर तिथे पाण्याबरोबरच त्याला सांगण्यात आलं की, रेवाळ्यांकडे चूलबंद दिलंत असं ऐकलं. ते विचारणं नव्हतं. पण रेवाळ्यांना चूलबंद आणि आम्हाला घरटी एक असं करणारा माणूस या शहरात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही, एवढा अर्थ त्यात होता. संध्याकाळपर्यंत बावीस घरांच्या चुली बंद झाल्या.

सखूबाईंच्या घराबद्दल एक गोष्ट उमेरच्या ध्यानात नव्हती. ती त्याला शनिवारी कळली. सखूबाई डबे देतात. चौदा माणसं, सगळी नोकरीसाठी इथे येऊन एकटी राहणारी, दोन्ही वेळ त्यांच्या चुलीवर जगतात. चूल बंद म्हणजे डबे बंद, आणि डबे बंद म्हणजे त्या चौदा जणांचं जेवण कुठे, तर अर्थातच जिथून आवतण आलं तिथे. सखूबाईंनी त्यांना तसं कळवलंही होतं. हिशेबात काहीच चूक नव्हती. चूक एवढीच की तो खरा होता.

शेजारच्या अरशदने आता सूत्रं हातात घेतली. अरशद कुवेतला एका मोठ्या स्वयंपाकघराच्या कोठारावर अकरा वर्षं होता. त्याने स्वतः कधी काही शिजवलं नव्हतं, पण चार हजार माणसांचं शिजताना पाहिलं होतं, त्यामुळे शंभर माणसं त्याला किरकोळ वाटत. त्याने उमेरच्या अंगणातून रस्त्यापर्यंत मांडव घालायला सांगितला. रस्त्याला मांडव लागला की परवानगी आली. परवानगीच्या अर्जात कार्यक्रमाच्या प्रकारापुढे चारच चौकटी होत्या, विवाह, धार्मिक, राजकीय आणि दुःखद. उमेरने नगरपरिषदेच्या खिडकीतल्या माणसाला सांगितलं की हा कार्यक्रम एका शब्दाच्या व्युत्पत्तीचा आहे. खिडकीतल्या माणसाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, अगदी अरबीपासून, आणि म्हणाला की मग दुःखद करा, त्याला सही एकच लागते.

परवानगीचा कागद मांडवाच्या खांबाला लावणं बंधनकारक होतं. त्यामुळे रविवारी सकाळी पहिल्यांदा जी सहा माणसं आली ती जेवायला आली नव्हती. ती मान खाली घालून बसली. उमेरला त्यांना उठवणं बरं वाटेना. फातिमाबींनी विचारलं, कोण ही? उमेर म्हणाला, माहीत नाही, पण फार चांगली माणसं आहेत. ती जेवूनच गेली. जाताना त्यातल्या एकाने उमेरच्या पाठीवर हात ठेवून धीर धरायला सांगितलं, आणि त्या आठवड्यात त्याच्याशी असं बोललेला तो पहिलाच माणूस होता.

बेत काय, याच्यावर शुक्रवारभर खल झाला होता. फातिमाबींच्या हातची बिर्याणी या भागात माहीत आहे. पण सभासदांत न खाणारे किती, वार पाळणारे किती, कोण कुठलं मटण खातो, हे विचारायचं कसं? विचारणं म्हणजे पाहुण्याच्या ताटात डोकावणं. म्हणून कुणाचंच मन दुखू नये असा शाकाहारी बेत उमेरने ठरवला, घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी, भात, सोलकढी आणि शेवयांची खीर. फातिमाबींनी काढलेला बिर्याणीचा मसाला परत डब्यात भरला. मुकादमांच्या घरी दावत आणि पातेल्यात वाटाणे, हे त्या कुणाला कोणत्या तोंडाने सांगणार होत्या?

पुढे हळूहळू असं कळलं की बावीसही घरं बिर्याणीच्या आशेवर आली होती. धोंडूशेठनी तर आदल्या दिवशी हलकं जेवण घेतलं होतं. पण समोर वाटाणे आल्यावर प्रत्येकाला वाटलं की शेजारच्यासाठी हे केलेलं दिसतं, आणि प्रत्येकाने आमटीची तोंडभरून तारीफ केली. ती ऐकून उमेरने प्रत्येकाला आणखी वाढली.

अर्थात हे पानं मांडल्यानंतरचं. त्याआधी पंगत बसायलाच पाऊण तास गेला. पहिल्या पंगतीत आपण बसणं बरं दिसत नाही, असं जमलेल्या एकशे अठरा माणसांचं एकमत होतं. आधी तुम्ही, छे आधी तुम्ही, असं म्हणत लोक मागे सरकता सरकता मांडवाबाहेर गेले, आणि एक रिक्षावाला रस्ता कधी मोकळा होईल म्हणून उतरून चौकशी करायला आला तर त्याला धरून पहिल्या पाटावर बसवण्यात आलं. एकदा एक बसला म्हटल्यावर बाकीचे बसले.

घावणे संपत आल्यासारखे दिसले. तेही पूर्ण खरं नव्हतं. अरशदने चार हजारांच्या हिशेबाने पीठ भिजवलं होतं, फक्त तवे तीनच होते. पण टोपलीचा तळ दिसला. यजमानाची अब्रू जाते की काय, या काळजीने एकशे अठरा माणसांनी एका घावण्यावर पोट भरल्याचं जाहीर केलं. डबे घेणाऱ्या चौदांतला एक जाडसर चष्मेवाला तरुण तर ढेकर देऊन दाखवू लागला. त्याने हात धुताना उमेरला हळूच सांगितलं की तो जिल्ह्याच्या कार्यालयात त्याच टेबलावर असतो, अनुपालनाचं पत्र त्यानेच काढलं होतं, आणि आता तो इथे जेवलाच नाही असं समजावं.

मनस्वीने फोटो काढला. संध्याकाळी उमेर उरलेलं पीठ कुणाला देता येईल का ते बघायला बाहेर पडला तर नाक्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी त्याला अख्खं वाचनालय दिसलं. चुली बंद होत्या ना. धोंडूशेठ म्हणाले, नातवासाठी नेतोय. त्यांच्या तोंडात वडा होता. सखूबाई म्हणाल्या, मी सहज. उमेरने काहीच न पाहिल्यासारखं केलं आणि उलट्या दिशेने घरी गेला. वडे साडेसहाला संपले.

नंतरच्या रविवारी सभा झाली. सदतीस सभासद हजर. उमेर नोकर असल्यामुळे त्याला मत नव्हतं. तो दाराजवळ स्टुलावर बसला. सदरा इस्त्रीचा होता. पहिले सहा विषय कसे गेले ते त्याला आठवत नाही. मग मनस्वीने सातवा वाचला आणि बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत म्हणाली.

एकही हात वर आला नाही.

विरुद्ध असणाऱ्यांनी, असं मनस्वी म्हणाली. तेव्हाही आला नाही.

धोंडूशेठ उठले. त्यांचा चेहरा खरोखर पडलेला होता. “अडचण अशी आहे,” ते म्हणाले, “की आम्ही सगळे उमेरभाईंच्या घरी जेवलो. आता हात वर केला, तर जेवणाला जागून केला असं दिसेल. त्यांनाच कमीपणा. विरुद्ध करावा, तर खाल्ल्या घराशी... ते तर बोलायलाच नको. तेव्हा त्यांचा मान राहावा म्हणून आम्ही सर्व जण तटस्थ.”

सभागृहात माना हलल्या. इतका विचार करणारी माणसं आपल्याला लाभली याचा उमेरला क्षणभर अभिमान वाटला, आणि मग हिशेब लक्षात आला. तटस्थ म्हणजे ठराव पडणार. ठराव पडला म्हणजे मार्चअखेर हंगामी नेमणूक संपली की स्टूलही नाही. आईला काय सांगायचं? की लोकांनी इतका मान दिला की नोकरी गेली?

“मी जेवलो नाय,” इतका वेळ तोंडासमोर धरलेला पेपर खाली ठेवून सदूकाका मागून म्हणाले. “मी त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलो नाय. मी मत देतो.”

उमेरने डोळे मिटले. सदूकाकांची सहा वर्षांची तक्रारवही त्याला पाठ होती. तिच्या तीन वह्या झाल्या होत्या आणि तिसरी त्यानेच आणून दिली होती.

“पेपर सव्वाआठला मांडतो, आठला पाहिजे,” सदूकाका म्हणाले. “खिडकीची कडी दोन वर्षं मोडलेली आहे. मी इंजिनाचं पुस्तक मागितलं तर हा मला कादंबरी देतो, म्हणतो, आवडेल.”

“आवडली का?” मनस्वीने इतिवृत्तासाठी विचारलं.

“आवडली. तो मुद्दा नाय. अदबीचं याने जे सांगितलं ते मी कोशात पान काढून बघितलं. बरोबर होतं. वादळात पत्रे उडाले तेव्हा हा एकटा आत राहून पुस्तकांवर ताडपत्री घालत होता, आणि आपण सगळे रस्त्याच्या पलीकडे उभे राहून, काळजी घे रे, असं म्हणत होतो. मत बाजूने. लिहा.”

मनस्वीने लिहिलं. बाजूने एक, विरुद्ध शून्य, तटस्थ छत्तीस. मग तिने घटनेची पुस्तिका काढली, कलम दोनदा वाचलं आणि सांगितलं की तटस्थ मतं मोजायची नसतात. ठराव बहुमताने मंजूर.

छत्तीस जणांच्या टाळ्यांनी सभागृह भरलं. मग एकेक जण दाराशी येऊन उमेरच्या कानात सांगून गेला की मनातून तो बाजूनेच होता. धोंडूशेठनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि आमटीची आठवण काढली. जिल्ह्याच्या कार्यालयाचं टेबल उद्या कसं वागेल याची काळजी उमेरला अजून होती, पण ती उद्याची.

सगळे गेल्यावर सदूकाका खिडकीशी पेपर उघडून बसले. उमेर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. गेल्या पंधरा दिवसांत दोन कोश वाचून त्याच्याकडे कृतज्ञतेचे शब्द बरेच साठले होते, आणि कुठला आधी काढावा ते त्याला कळेना.

“सदूकाका, मी तुमचे आभार...”

“मुकादम, बाजूला हो,” सदूकाका म्हणाले. “उजेड अडतोय.”

उमेर बाजूला झाला. सेवेत कायम झाल्यावर त्याने केलेलं ते पहिलं काम.